वर्धा जिल्ह्यातील दुष्काळी कामे

वर्धा जिल्ह्यातील दुष्काळी कामे : अवर्षणाने पीक बुडून शेतमजूर, लहान कुळे व कारागीर निराधार झाले असता त्यांना मजुरीच्या रूपाने निर्वाहाचे साधन मिळावे, म्हणून शासनाने काढलेली सार्वजनिक कामे. रस्ते बांधणे, खडी फोडणे, तलाव खोदणे, विहिरी उपसणे व नव्या काढणे ही त्यांची नेहमीची रूपे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश हिंदुस्थानात दुष्काळनिवारणाचे हे प्रमुख साधन ठरले [→ दुष्काळ]. वर्धा जिल्ह्यात अशी कामे सर्वांत मोठ्या प्रमाणावर १८९९–१९०० च्या दुष्काळात निघाली. दुष्काळप्रवण म्हणून ज्यांची गणना होई, त्या प्रदेशांत वर्धा जिल्हा नव्हता. काळी जमीन, कापसाचा पैसा आणि लोहमार्गाची सोय असलेल्या या जिल्ह्यात हजारो माणसे खडी फोडावयास का आली, हा प्रश्न त्यामुळेच अभ्यसनीय ठरतो.

जिल्हा व त्याची अर्थव्यवस्था : नागपूरचे राज्य १८५३ मध्ये खालसा झाले व १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग तोडून १८६२ मध्ये वर्धा जिल्हा बनविण्यात आला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळील कवठा येथे होते. पुढे १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा हे नगर आखून वसविण्यात आले. पश्चिमेस वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे वऱ्हाड, अशी याची सीमा. वर्धा, आर्वी व हिंगणघाट या तीन तहसिलींपैकी हिंगणघाटचा कापूस अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मँचेस्टरपर्यंत नावाजला गेला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, तेव्हा तिचा मार्ग पुलगाव-वर्धा असाच होता. पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोड्याच्या कोळसा खाणीपर्यंत फाटा निघाला. शतकाच्या अखेरीपर्यंत हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या होत्या.

या भरभराटीची दुसरी बाजू लक्षात घेतली पाहिजे. जमीन मालगुजारांच्या नावे होती; कसणारे बहुसंख्य लोक कुळे होते आणि त्यांच्याही खाली ज्यांना जमीन नाही, असा शेतमजुरांचा मोठा वर्ग होता. पूर्वी मजुराला सालदारी किंवा धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. कापसाचा पेरा वाढला, तशी रोख मजुरी वाढली. निंदण व वेचणी यांच्या हंगामात स्त्रिया व मुले यांना काम मिळू लागले व वेळप्रसंगी नदी ओलांडून वऱ्हाडातही मजुरीला जाता येऊ लागले. परंतु घरातील धान्याची कणगी मात्र रिकामी होत गेली. ज्या वर्षी वेचणी नाही, त्या वर्षी मजुरी नाही आणि मजुरी नाही म्हणून ज्वारी नाही, अशी ही साखळी होती. हिंगणघाटच्या बाजारात ज्वारीची पोती रचलेली असताही मजुराच्या घरी चूल पेटत नसे, ती यामुळे. १८९० च्या दशकात जमाबंदीची फेरतपासणी होऊन साराही वाढला. त्याचा भार मालगुजारामार्फत अखेर कुळांवरच उतरला.

आयर्लंडमधील पूर्वानुभव : सरकारी कामे काढून दुष्काळ निभावून नेण्याची कल्पना हिंदुस्थानात पूर्णतः नवी नव्हती. दुष्काळात राजेरजवाड्यांनी व सावकारांनी घाट, विहिरी, तलाव बांधून लोकांना कामास लावल्याची उदाहरणे देशी परंपरेत आढळतात. तथापि माप, हजेरी, किमान मजुरी व कामाची सक्ती असलेली जी सरकारी पद्धती पुढे वर्ध्यात आली, तिचा उगम ब्रिटनच्या गरिबांविषयीच्या कायद्यात व विशेषतः आयर्लंडमधील अनुभवात होता. त्यामुळे तेथील हकिगत थोडक्यात पाहणे आवश्यक ठरते.

आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. देशातील गरीब जनता जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होती. पंतप्रधान पील यांनी अमेरिकेतून मका आणवून बाजारभाव रोखण्याचा प्रयत्न केला व काही कामे सुरू केली. पुढील वर्षी पीक पूर्णपणे गेले. रसेल यांच्या मंत्रिमंडळाने धान्याच्या व्यापारात हात न घालता बांधकाम मंडळामार्फत रस्त्यांची कामे काढण्यावर भर दिला. अंमलबजावणीची सूत्रे कोषागाराचे सचिव चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्याकडे होती. काम मोजून मजुरी द्यावयाची, मजुरी खाजगी कामापेक्षा आकर्षक असू नये आणि जमीन सुधारून कोणा एका जमीनदाराचा फायदा होईल असे काम काढू नये, असे नियम होते. परिणामी जे रस्ते कोणाला नको होते, तेच पुष्कळ ठिकाणी बांधले गेले. काही तर मध्येच माळावर संपतात. मार्च १८४७ मध्ये कामावर सात लाखांहून अधिक माणसे होती. ऐन थंडीत, अर्धपोटी, उघड्यावर दगड फोडणाऱ्या या लोकांत तापाची साथ पसरली. मजुरी वेळेवर मिळेना आणि मिळाली, तरी चढलेल्या भावाने कुटुंबाचे पोट भरेना. अखेर शासनाने कामे बंद करून शिजवलेले अन्न वाटण्यास आरंभ केला. जुलै १८४७ मध्ये सु. ३० लाख लोकांना रोज असे अन्न मिळत होते. हा उपाय सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक ठरला होता, पण त्याच वर्षाच्या शरदात तो थांबविण्यात आला. दुष्काळात व त्यामागून आलेल्या रोगांत सु. १० लाख लोक मेले व तितकेच किंवा अधिक देशांतरास गेले. आयर्लंडची लोकसंख्या १८४१ मध्ये सु. ८२ लाख होती, ती १८५१ मध्ये सु. ६६ लाखांवर आली. कलकत्त्यात १८४६ च्या आरंभी आयरिश दुष्काळग्रस्तांसाठी निधी उभारण्यात आला होता, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

या अनुभवाचे हिंदुस्थानशी नाते केवळ तत्त्वाचे नव्हते. माणसेही तीच होती. ट्रेव्हेल्यन पुढे मद्रासचे गव्हर्नर व नंतर हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य (१८६२–६५) झाले. १९०१ च्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष अँटनी मॅकडॉनेल हे स्वतः आयर्लंडमधील कॅथलिक कुटुंबातले. ते १८९० च्या दशकाच्या आरंभी मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते व हिंदुस्थानातून परतल्यावर १९०२ पासून आयर्लंडच्या प्रशासनात उच्च पदावर होते. वर्धा जिल्हा ज्यांच्या कारकीर्दीत निर्माण झाला, ते मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचे नाव तर दुष्काळी मजुरीच्या इतिहासात वेगळ्याच अर्थाने राहिले आहे.

दुष्काळसंहितेचा उदय : टेंपल यांनी १८७३–७४ च्या बिहारमधील टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने मदत केली. मृत्यू फारच थोडे झाले, पण खर्च फार झाला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. १८७६–७८ च्या दख्खनच्या दुष्काळात त्यांना पाहणीसाठी पाठविण्यात आले, तेव्हा तीच व्यक्ती काटकसरीची पुरस्कर्ती झाली होती. पुरुष मजुरास दररोज एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा एवढी मजुरी पुरेशी आहे, असे त्यांनी ठरविले. ‘टेंपल मजुरी’ या नावाने ती कुप्रसिद्ध झाली. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर श्रम करणारा माणूस जगू शकत नाही, असे वैद्यकीय आधाराने दाखविले. मुंबई इलाख्यात या कपातीविरुद्ध १८७७ च्या आरंभी मजुरांनी कामे सोडली. त्यांची संख्या एक लाखाच्या घरात गेली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने व गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सरकारी दुष्काळी कामावरील मजुरांचा असा सामुदायिक नकार पूर्वी फारसा दिसत नाही. पुढे मजुरीत थोडी वाढ झाली.

या दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. त्याच्या १८८० च्या अहवालात एक महत्त्वाचा सिद्धांत मांडलेला आहे : हिंदुस्थानातील दुष्काळ हा मुख्यतः धान्याच्या अभावाचा नसून कामाच्या अभावाचा आहे. शेती थांबली की मजुरी थांबते आणि विकत घेण्याची शक्ती नाहीशी होते. म्हणून सशक्तांना काम व अशक्तांना घरबसल्या मदत, असे दोन भाग आयोगाने केले. १८८३ मध्ये नमुन्याची दुष्काळसंहिता तयार झाली व तिच्या आधारे प्रांतोप्रांतीच्या संहिता बनल्या. वर्धा जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा सिद्धांत अचूक लागू पडत होता. पण रोगाचे निदान बरोबर असूनही औषधाची मात्रा ठरविताना खजिन्याकडे पाहिले गेले, ही संहितेची मूळ उणीव म्हटली पाहिजे.

संहितेनुसार जिल्ह्याचा उपायुक्त हा सर्व निवारणकार्याचा प्रमुख. जिल्ह्याची मंडळे पाडून प्रत्येकावर अधिकारी नेमावयाचा. पटवारी व मंडल निरीक्षक यांनी पिकाचा अंदाज द्यावयाचा. गावच्या मुकद्दमाने घरबसल्या मदतीस पात्र असलेल्या वृद्ध, आंधळ्या, अपंग व निराधार स्त्रियांची यादी करावयाची. कोतवालाने भटकणाऱ्या उपाशी लोकांची खबर द्यावयाची. भाव चढणे, लोकांचे स्थलांतर, भिक्षेकऱ्यांची व किरकोळ चोऱ्यांची वाढ ही दुष्काळाची पूर्वचिन्हे मानली जात. ती दिसताच प्रथम परीक्षेसाठी एखादे काम काढावयाचे. कडक मापाच्या त्या कामावर पुरेसे लोक आले, तर दुष्काळ खरा. न आले, तर नाही. उपाशी माणसाने दगड फोडून आपली भूक सिद्ध करावी, असा या कसोटीचा अर्थ होता.

१८९६–९७ चा दुष्काळ : वर्धा जिल्ह्याला १८६८–६९ मध्ये टंचाईची फक्त झळ लागली होती. १८९६–९७ चा दुष्काळ मध्य प्रांताला फार कठीण गेला. पण त्याचा मुख्य तडाखा उत्तरेकडील गव्हाच्या व पूर्वेकडील भाताच्या जिल्ह्यांना बसला. जबलपूर, दमोह, बालाघाट, भंडारा, बिलासपूर या भागांत आधीची दोन-तीन वर्षेच पिके बुडत आली होती. ज्वारी व कापूस पिकविणारे नागपूरचे मैदान त्या मानाने सावरले. वर्ध्यात महागाई झाली, तरी सर्वत्र उपासमार झाली नाही.

मध्य प्रांताच्या कारभाराचे मात्र या वर्षी वाभाडे निघाले. प्रांतात १८९७ मधील मृत्यूचे प्रमाण हजारी सु. ६९ एवढे झाले. कामे उशिरा निघाली, घरबसल्या मदत देण्यात हात आखडला गेला व दुर्बळ झालेल्या लोकांना मोठ्या कामांवर दूर जावे लागले, असे ठपके आले. जेम्स लायल यांच्या अध्यक्षतेखालील १८९८ च्या आयोगानेही येथील मदत अपुरी पडल्याचे मान्य केले. या आयोगावर नागपूरचे विख्यात वकील बिपिनकृष्ण बोस हे हिंदी सदस्य होते. आयोगाच्या शिफारशींनी संहिता काहीशी उदार झाली. पुढच्या दुष्काळाला तोंड देताना प्रांतिक शासनाच्या मनात या अपकीर्तीची धास्ती होती आणि वर्धा जिल्ह्याला तिचा लाभ झाला.

१८९९–१९०० चा दुष्काळ : १८९९ चा मोसमी पाऊस पश्चिम व मध्य हिंदुस्थानात अभूतपूर्व रीतीने हुकला. मारवाड-गुजरातेत हा दुष्काळ विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. वर्धा जिल्ह्यात खरिपाचे पीक बुडाले. जमिनीत ओल नसल्याने रब्बीही जेमतेम आली. पूर्वीच्या टंचाईत उपयोगी पडणारे दोन्ही मार्ग या वेळी बंद झाले होते. एक म्हणजे वऱ्हाडात मजुरीस जाण्याचा. कारण वऱ्हाडही तितकेच होरपळले होते. दुसरा, गुरे विकून दिवस काढण्याचा. कारण चारा नव्हता आणि ज्याला त्याला गुरे विकावयाचीच होती. मध्य प्रांताच्या सरकारी जंगलांतून गवत कापून, त्याचे गठ्ठे बांधून ते आगगाडीने टंचाईच्या भागांत पाठविण्याचे काम काढण्यात आले. गवतकापणी हेही अशा रीतीने दुष्काळी कामच झाले.

धान्य मात्र आले. लोहमार्गाने उत्तरेतून व ब्रह्मदेशाकडून आलेले धान्य वर्धा, पुलगाव, हिंगणघाट या स्थानकांवर उतरू शकत होते. १८३२–३३ सारख्या जुन्या दुष्काळांत एका परगण्यातील धान्य दुसऱ्यात नेणे अशक्य होते. १८९९ मध्ये प्रश्न धान्य आणण्याचा नव्हता, विकत घेण्याचा होता. १८८० च्या आयोगाचे निदान येथे जसेच्या तसे उतरले.

मुख्य आयुक्त अँड्र्यू फ्रेझर यांच्या प्रशासनाने या वेळी १८९७ ची चूक टाळली. कामे लवकर निघाली आणि घरबसल्या मदतीच्या याद्या वेळेवर झाल्या. १९०० च्या पावसाळ्यात मध्य प्रांतात मदत घेणाऱ्यांची संख्या वीस लाखांवर गेली. म्हणजे दर पाच माणसांमागे एकाहून अधिक माणूस सरकारी मदतीवर होता. एवढे प्रमाण हिंदुस्थान सरकारला अस्वस्थ करणारे होते. व्हाइसरॉय कर्झन यांनी जानेवारी १९०० मध्येच सढळ मदतीने लोकांची स्वावलंबनाची वृत्ती खचते, असा इशारा दिला होता. ट्रेव्हेल्यन यांनी अर्धशतकापूर्वी आयरिश लोकांविषयी काढलेली चिंता याहून वेगळी नव्हती.

कामाचे स्वरूप : वर्धा जिल्ह्यातील कामांत रस्त्यांना व खडीला अग्रक्रम मिळाला, याचे कारण जमिनीत आहे. काळ्या मातीवरील गाडीवाटा पावसाळ्यात चार महिने बंद पडतात. कापसाच्या गाड्या स्थानकापर्यंत आणावयाच्या, तर पक्का रस्ता हवाच. त्यामुळे आयर्लंडप्रमाणे येथील रस्ते निरुपयोगी ठरले नाहीत. उलट भंडाऱ्यासारखा तलावांचा प्रदेश हा नव्हे. भाताला पाणी लागते म्हणून तेथे मालगुजारांनी व कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले; कापूस-ज्वारीच्या सपाट काळ्या रानात तलावाचे पाणी घेण्याची तशी प्रथा नव्हती. उत्तरेकडील आर्वीचा डोंगराळ भाग वगळता बांध घालण्याजोग्या जागाही थोड्या. गावोगावची छोटी कामे म्हणजे पिण्याच्या पाण्याची तळी व विहिरी यांपुरती मर्यादित राहिली.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मोठ्या कामावर दिवस कसा जाई, याचे चित्र संहितेतील नियमांवरून व आयोगांपुढील साक्षींवरून स्पष्ट होते. पहाटे टोळ्यांची हजेरी होई. प्रत्येक टोळीवर मुकादम व काही टोळ्यांवर कारकून असे. पुरुष बहुधा खणणारे किंवा मोठे दगड फोडणारे. स्त्रिया व वयात येणारी मुले माती व खडी पाट्यांतून वाहणारी. १८९८ नंतर मजुरी स्त्री-पुरुष भेदावर न ठरता खणणारा व वाहणारा या वर्गावर ठरू लागली. पण व्यवहारात वाहणाऱ्यांचा वर्ग म्हणजे स्त्रियाच असल्याने त्यांना कमी मजुरी मिळे, ते मिळेच. मजुरी धान्याच्या मापाने ठरलेली असे व बाजारभावाप्रमाणे तिचे पैशात रूपांतर होई. ज्वारी चढली की मजुरी चढे. ही सुधारणा खरोखर मोलाची होती. परंतु बाजारभाव जिल्ह्याच्या ठाण्यात नोंदला जाई आणि मजुराला ज्वारी घ्यावी लागे कामावर पाल टाकून बसलेल्या वाण्याकडून. दोन्ही भावांतील फरक त्याच्या पोटातून जाई. सायंकाळी काम मोजले जाई. माप भरले नाही, तर टोळीच्या मजुरीत कपात होई. ती एका मर्यादेपेक्षा खाली जाऊ नये, असे बंधन होते. नव्याने आलेल्या दुर्बळ टोळीला हलके माप द्यावे, हा नियमही होता. तो पाळला जाणे मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून असे.

कामावर न जाणाऱ्या लहान मुलांसाठी कामाच्या जागीच अन्नछत्र असे. मध्य प्रांतात १९०० मध्ये या अन्नछत्रांचा विस्तार गावोगाव करण्यात आला. पावसाळा सुरू होताच मोठी कामे कमी करून, माणसे आपापल्या शेताजवळ राहावीत म्हणून शिजवलेले अन्न गावात देण्यात आले. आयर्लंडमध्ये कामे बंद करून अन्नछत्रे काढली व अन्नछत्रे बंद करून लोकांना वाऱ्यावर सोडले. येथे दोन्ही एकमेकांस जोडून चालविली गेली. काही जातींच्या लोकांना सार्वजनिक अन्नछत्रात जेवणे कमीपणाचे किंवा विटाळाचे वाटे. कोणाच्या हातचे शिजवलेले चालेल, हा प्रश्न स्वयंपाकी नेमताना सोडवावा लागे. तरीही काही कुटुंबे अखेरपर्यंत दूर राहिली. भुकेलाही पंगत लागते, हे संहिता लिहिणाऱ्यांना उशिरा उमगले.

कोष्ट्यांचा प्रश्न निराळा होता. हिंगणघाटसारख्या ठिकाणी व शेजारच्या नागपूर जिल्ह्यात हातमागावर विणणाऱ्यांची मोठी वस्ती होती. दुष्काळात लुगडी-धोतरे विकत घेणार कोण ? माग थांबले. विणकराचा हात नाजूक कामाला सरावलेला. हातोडा धरून तो खराब झाला, तर दुष्काळ संपल्यावर त्याचा धंदाच बुडणार. म्हणून मध्य प्रांतात विणकरांना सूत आगाऊ देऊन, विणलेले कापड सरकारने किंवा धर्मादाय निधीने विकत घेण्याची व्यवस्था करण्यात आली. हे कापड पुढे दुष्काळग्रस्तांनाच वाटता येई. खर्चाच्या दृष्टीने ती स्वस्त पडली नाही, असे अधिकारी म्हणत. पण माणसाला त्याच्या कसबासह जगविणारी मदत म्हणून सर्व उपायांत ती अधिक समंजस होती.

रोगराई व मृत्यू : हजारो माणसे उन्हाळ्यात एका जागी गोळा होणे, हाच कामांतील मोठा धोका होता. १९०० च्या उन्हाळ्यात पटकीची साथ मध्य प्रांतातील कामांवर पसरली. पिण्याच्या विहिरींवर पहारे बसविणे, पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाकणे, झोपड्या अंतरावर बांधणे इ. उपाय योजण्यात आले. पण साथ येताच मजूर घाबरून पळत व रोग गावात नेत. पाऊस आल्यावर हिवतापाने तितकेच बळी घेतले. उपासमारीचे मृत्यू व रोगाचे मृत्यू असे वर्गीकरण सरकारी तक्त्यांत आढळते. त्यावर फार विसंबणे योग्य नव्हे. अन्नावाचून खंगलेल्या माणसाला पटकीने नेले, तर तक्त्यात त्याची नोंद पटकीत होई.

जनगणनेचे आकडे अधिक बोलके आहेत. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १८८१ मध्ये ३,८७,२२१, १८९१ मध्ये ४,००,८५४ व १९०१ मध्ये ३,८५,१०३ होती. दहा वर्षांत सु. चार टक्के घट झाली. याच काळात संपूर्ण मध्य प्रांताची घट सु. आठ टक्के होती. म्हणजे वर्धा जिल्हा इतरांच्या मानाने निभावला. तथापि चार टक्के घट हा केवळ उणे आकडा आहे. शांततेच्या दशकात जी स्वाभाविक वाढ झाली असती, ती यात धरलेली नाही. वीस वर्षांनंतर जिल्हा १८८१ च्याही मागे गेला होता.

पुनर्वसन व वादविवाद : दुष्काळाच्या शेवटी काम थांबविणे हेही काम काढण्याइतकेच अवघड असते. पाऊस पडला, पण बैल नाहीत आणि बी नाही, अशा शेतकऱ्याला खडी फोडण्यापासून मोकळे करून उपयोग नव्हता. यासाठी तकावी कर्जे, साऱ्याची तहकुबी व काही प्रमाणात सूट देण्यात आली. लंडनमध्ये व हिंदुस्थानात जमविलेल्या धर्मादाय निधीतून बियाणे व बैल यांसाठी रकमा वाटण्यात आल्या. जयपूरच्या महाराजांनी दिलेल्या १५ लाख रुपयांतून १९०० मध्ये कायम स्वरूपाचा दुष्काळ न्यासही स्थापन झाला. तहकुबीचा फायदा मालगुजाराला प्रथम मिळे. त्याने तो कुळापर्यंत पोहोचवावा, अशी अपेक्षा असे.

याच वर्षी रमेशचंद्र दत्त यांनी कर्झन यांना उद्देशून अनावृत पत्रे लिहिली. त्यांतील पहिले पत्र मध्य प्रांताच्या सारापद्धतीविषयी होते. साऱ्याच्या ओझ्याने शेतकऱ्याजवळ संकटकाळासाठी शिल्लक राहत नाही व म्हणून एका पावसाच्या हुलकावणीने तो कोसळतो, असे दत्त यांचे प्रतिपादन होते. कर्झन सरकारने १९०२ च्या ठरावात ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला. वर्धा जिल्ह्यापुरते पाहिल्यास सारा हे एक कारण होते, एकमेव नव्हे; खडी फोडणाऱ्यांतील पुष्कळांजवळ सारा भरण्याजोगी जमीनच नव्हती. त्यांच्या दैन्याचे कारण मजुरीच्या अनिश्चिततेत होते व त्याची चर्चा दत्त किंवा कर्झन या दोघांनीही पुरेशी केली नाही.

मॅकडॉनेल आयोगाने १९०१ मध्ये अहवाल सादर केला. काही ठिकाणी मदत जरुरीपेक्षा अधिक दिली गेली, असे मत नोंदवूनही त्याने लोकांचा धीर सुटण्यापूर्वीच तकावी, विहिरींची कामे व साऱ्याची तहकुबी जाहीर करावी, यावर भर दिला. मोठ्या कामांच्या जोडीस गावाजवळची छोटी कामे काढावीत, ही सूचनाही महत्त्वाची होती. त्यानंतरच्या पाटबंधारे आयोगामुळे (१९०१–०३) मध्य प्रांतात कालव्यांना चालना मिळाली; तिचा लाभ मुख्यतः भाताच्या जिल्ह्यांना झाला.

उत्तरकाल : विसाव्या शतकात वर्धा जिल्ह्यातच या प्रश्नाचा वेगळ्या दिशेने विचार झाला. महात्मा गांधींनी १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू केले व १९३६ पासून ते सेगाव म्हणजे पुढचे सेवाग्राम येथे राहू लागले. शेतकऱ्याला वर्षातील कित्येक महिने काम नसते, ही त्यांच्या चरख्यामागील मुख्य भूमिका होती. दुष्काळात काम काढण्याऐवजी रिकामपणच दूर करावे, असा तिचा आशय होता. मगनवाडी व हिंगणघाट यांमधील अंतर फार नाही. कोष्ट्यांना सूत देण्याची १९०० मधील व्यवस्था आणि ग्रामोद्योगांची चळवळ यांत साम्य असले, तरी एकीचा दुसरीवर प्रत्यक्ष परिणाम झाला, असे म्हणण्यास आधार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात दुष्काळसंहितेचा वारसा टंचाई नियमावलीच्या रूपाने चालू राहिला. १९७०–७३ च्या अवर्षणात महाराष्ट्रातील टंचाईच्या कामांवर मे १९७३ मध्ये सु. ५० लाख मजूर होते; त्यांतील बरेच खडीच फोडीत होते. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रयोगादाखल सुरू झालेली कल्पना पुढे राज्यव्यापी रोजगार हमी योजना बनली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. माप, हजेरीपट, कामाची टोळी, मजुरीचा दर व उपायुक्ताच्या जागी जिल्हाधिकारी, अशी तिची पुष्कळ यंत्रणा एकोणिसाव्या शतकातील संहितेचीच होती. फरक होता तो काम मागणाऱ्याच्या स्थानात : संहितेखालील मजूर आपली भूक सिद्ध करण्यासाठी येई, तर या कायद्याखालील मजुराला काम मागण्याचा हक्क मिळाला व ते ठरावीक मुदतीत न दिल्यास भत्ता देण्याची जबाबदारी शासनावर आली. केंद्र शासनाने २००५ मध्ये याच धर्तीवर ग्रामीण रोजगार हमीचा देशव्यापी कायदा केला.